दहाव्याला बोलायला उठण्यापूर्वी

परवा प्रवरेकाठी मावशीच्या दहाव्याला गेलो होतो. श्रद्धांजलीच्या भाषणात आपले होतकरू कार्यकर्ते अजून जरा कच्चे आहेत असं वाटलं, म्हणून त्यांच्या सोयीसाठी थोडं मार्गदर्शन.

वेळेवर येऊ नका. पत्रिकेत साडेसात छापतात ते पाहुण्यांसाठी. महाराजांचं प्रवचन रंगात आलं की या, म्हणजे त्यांना मध्येच थांबवून सूत्रसंचालकाला तुमचं नाव सगळ्या आजी-माजी पदांसकट घेता येतं. पुढचा सोफा तुमचाच. (नदीच्या घाटावर सोफा कशाला, असं विचारणारे लोक विकासाच्या आड येतात.)

मयताचं नाव विचारून घ्या. निदान बाई की बुवा एवढं तरी. मावशीचं नाव पहिल्याने चुकवलं, दुसऱ्याने तेच पुढे चालवलं आणि तिसऱ्याने तिला माळकरी करून टाकलं. तिच्या हातच्या गावरान कोंबडीच्या रश्श्यासाठी अर्धा तालुका तिच्या ओट्यावर बसलेला आहे, हा वक्ताही त्यात होता.

'या कुटुंबाचा आणि माझा ऋणानुबंध' इथून सुरू करून लगेच पाटाच्या आवर्तनावर या. तिथून उसाचा भाव, बिबट्या, रखडलेला रस्ता.

टॉवेल-टोपीबद्दल मी काही बोलत नाही.

आता कावळा. त्याची फिकीर करू नका, तो मतदार नाही. गरुडपुराणात म्हटलंय, की दहा दिवसांच्या दहा पिंडांनी गेलेल्याचं शरीर घडतं. पहिल्या दिवशी डोकं, असं करत करत दहाव्या दिवशी तहान-भूक. म्हणजे ज्या दिवशी त्या जिवाला भूक लागते, नेमकं त्याच दिवशी त्याचं पान समोर मांडून आपण त्याला आवर्तन कुणी आणलं ते ऐकवायचं! माझा यावर विश्वास आहे की नाही ते सोडा, मावशीचा होता. तिचा थोरला डोकं भादरून, ओल्या पंचाने थंडीत कुडकुडत उभा. कावळे समोरच्या बाभळीवर होते, दिसत होते, पण दोन कर्णे त्याच बाभळीकडे तोंड करून लावलेले. भाषणं संपली, तर सूत्रसंचालकाची शायरी सुरू. कावळा कसा शिवणार? मग बायका कुजबुजायला लागल्या, म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय. धाकटा रडत पिंडापुढे वाकला, 'आई, अण्णांना मी सांभाळीन, शब्द देतो.' अरे, तिची काही इच्छाबिच्छा राहिली नव्हती, तो कर्णा बंद करा आधी! शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आता ते पोरगं जन्मभर मनात धरून बसणार, की आई नाराज होऊन गेली.

मधला भटजी नको म्हणून जोतीरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला. आपण भटजी ठेवला आणि वर पुढारी बसवला.

बोलून झालं की लगेच निघा, पुढचा दहावा असतो. तुमच्यामागे निम्मी गर्दी उठेल, पिंडाला हात जोडायला घरचेच उरतील.

नाही, पुरे झालं. लाज वाटू द्या जरा. यायचं तर या, मागे उभे राहा, अण्णांच्या हातात हात द्या आणि गप्प निघून जा. कुणी अडवलंय? आणि नुसती पुढाऱ्यांना कशाला शिव्या घालायच्या? त्यांना फोन करकरून बोलावणारी आमचीच भावकी. कुणाच्या दहाव्याला किती गाड्या लागल्या हे मोजणारेही आम्हीच. नाव घेतलं नाही तर रुसतात म्हणे. रुसू देत! वर्षश्राद्धाला आमच्याकडे माईक लागणार नाही, मंडपवाल्याला आत्ताच सांगून आलोय. ज्याला बोलायची खाज असेल त्याने पारावर जाऊन बोलावं.