जिवंत आमिष, चिकाटी आणि रिकामा गळ: एका लाडक्या समजाचा प्रतिवाद

गळ टाकणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. जिवंत आमिष हेच खरं आमिष, नकली आमिष म्हणजे कंपन्यांनी अलीकडे काढलेलं खूळ. जिवंत आमिषाला मासा नाही म्हणत नाही आणि मोठा मासा तर त्यालाच लागतो. ते निसर्गातलंच असल्यामुळे त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तरीही मासा लागला नाही तर आमिष बदलावं, जागा मात्र सोडू नये. आणि एवढं करूनही हात रिकामे राहिले तर चिकाटी कमी पडली असं समजावं, मन सकारात्मक ठेवावं, मासा येतोच.

ऐकायला बरं वाटतं. पण ओळीने कित्येक दिवस रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाने हे वाचलं, तर त्याला बोट ठेवायला दोनच जागा उरतात: गळाला लावलेली वस्तू आणि ती लावणारा तो स्वतः. मधलं पाणी या मजकुरात कुठेच नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि एकेक दावा तपासला की तो पुन्हा पुन्हा समोर येतो.

‘नकली आमिष हे अलीकडचं खूळ’ हा दावा लवकर निकाली निघतो. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या मच्छीमारांचं वर्णन लिहून ठेवलं आहे: गळाभोवती लाल लोकर गुंडाळून, वर पिसं बांधून, ते पाण्यावरच्या माशीची नक्कल करत. धातूच्या स्पूनचं, म्हणजे चमच्याच्या आकाराच्या नकली आमिषाचं, पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ मध्ये घेतलं. फिनलंडच्या लॉरी रापाला या मच्छीमाराने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून मासुळी कोरली आणि तिला चॉकलेटची चांदी गुंडाळली. शिकारी मासा थव्यातली नेमकी अडखळत पोहणारी मासुळी उचलतो हे त्याने पाहिलं होतं, आणि तीच चाल त्याला लाकडात उतरवायची होती. कंपनी नंतर आली, निरीक्षण आधी होतं. अठराशे वर्षांत ज्याने मासे पकडले गेले, त्याला खूळ म्हणायचं तर म्हणा.

‘जिवंत आमिषाला मासा नाही म्हणत नाही’ यात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जिवंत आमिषाची ताकद वासात आणि चवीत आहे. गांडूळ, कोळंबी, मासुळी यांच्या अंगातून अमिनो आम्लं पाण्यात झिरपत राहतात आणि मासा त्यांचा माग काढत येतो. मिशावाल्या माशांच्या नुसत्या तोंडातच नव्हे तर मिशांवर आणि अंगभर चवीची केंद्रं असतात. गढूळ पाण्यात किंवा रात्री, जिथे डोळ्यांचा उपयोग नाही, तिथे अशा माशासाठी प्लॅस्टिकच्या चकचकीत मासुळीपेक्षा गांडूळ केव्हाही सरस. थंड पाण्यात मासा सुस्तावलेला असताना, तोंडापुढे बराच वेळ पडून राहील असं काहीतरी हवं असतं. तिथेही जिवंत आमिषच.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे. १९७० मध्ये ब्यूकेमा या संशोधकाने पाइक या शिकारी माशांवर प्रयोग केले. स्पिनर या धातूच्या फिरत्या नकली आमिषाला एकदा लागून सुटलेले पाइक पुढे स्पिनरला फारसे लागेनात, पण जिवंत मासुळीबाबत त्यांनी तशी सावधगिरी दाखवली नाही. ज्या पाण्यात रोज दहा लोक तीच ती लुअर, म्हणजे नकली आमिष, ओढतात, तिथे जिवंत आमिष सरस का ठरतं याचं उत्तर यात आहे.

पण याच संशोधकाने त्याच वर्षी कार्प माशांबद्दलही लिहिलं. तिथे तर लुअरचा प्रश्नच नव्हता, खायचंच आमिष होतं. एकदा गळाला लागलेला कार्प पुढच्या वर्षापर्यंत सावध राहिला. म्हणजे खाण्याजोग्या आमिषालाही मासा नाही म्हणतो, आणि कधीकधी फार दिवस म्हणत राहतो.

त्याहून मोठा पुरावा इलिनॉयमधल्या रिज लेक तलावाचा. तिथे पकडलेला प्रत्येक लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) खूण करून पुन्हा पाण्यात सोडला जात होता. काही वर्षांनी तलाव उपसला, तेव्हा त्यात एकदाही गळाला न लागलेले बास निघाले. काही मात्र वारंवार लागले होते. या दोन्ही गटांची पुढची पिलावळ वेगवेगळी वाढवून पाहिली, आणि गळाला लागण्याचा स्वभाव काही अंशी आनुवंशिक असतो असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा पाण्यात मासा आहे म्हणजे तो तुमच्या गळाला लागू शकणाराच आहे, असं नाही. ‘येतोच’ या शब्दाला इथेच पूर्णविराम द्यायला हरकत नाही.

राहिला मोठा मासा. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम दोघांच्या नावावर बरोबरीत आहे. जॉर्ज पेरीने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात पकडलेला बास सुमारे १०.०९ किलोचा होता. मनाबू कुरिता याने २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात पकडलेला सुमारे १०.१२ किलोचा. हा फरक दोन औंसांपेक्षा (सुमारे ५७ ग्रॅम) कमी भरला, आणि तेवढ्याने जुना विक्रम मोडला असं नियमाप्रमाणे धरता येत नाही. पेरीच्या गळाला नकली मासुळी होती, कुरिताच्या गळाला जिवंत मासा. मोठा मासा जिवंत आमिषालाच लागतो म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

मग निवड कशी करायची? मी स्वतःला विचारतो: मासे कुठे आहेत हे मला माहीत आहे का? माहीत नसेल तर नकली. एका तासात लुअरने जेवढं पाणी चाळता येतं, तेवढं गांडूळ लावून दिवसभरात होत नाही. माहीत असेल, आणि मासे आहेत पण तोंड लावत नाहीत अशी गत असेल, तर जिवंत. त्यानंतर पाण्याचा गढूळपणा आणि तापमान. रंगावर मी फार वेळ घालवत नाही. पाण्यात सगळ्यात आधी लाल प्रकाश शोषला जातो, त्यामुळे काही मीटर खाली तुमची लालभडक लुअर काळपटच दिसते. दुकानातल्या दिव्याखाली ती कितीही देखणी असो.

‘निसर्गातलं आहे, नुकसान काय होणार’ हा मला या मजकुरातला सगळ्यात घातक भाग वाटतो. मासा जिवंत किंवा खायचं आमिष गिळतो, लुअर बहुधा ओठात अडकते. गळ घशात किंवा पोटात गेलेला मासा सोडून दिला तरी मरण्याची शक्यता बरीच वाढते. पकडून सोडलेल्या माशांच्या मृत्यूंवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २००५ मध्ये आला. त्यातल्या २७४ मृत्युदरांचा मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, ११ टक्के आणि सरासरी १८ टक्के निघाली. मृत्यू वाढवणाऱ्या कारणांमध्ये नैसर्गिक आमिष, खोल गेलेला गळ, काटेरी टोक आणि कोमट पाणी ही होती. मासा घरी न्यायचाच असेल तर हा मुद्दा लागू नाही. सोडायचा असेल तर जिवंत आमिषाबरोबर सर्कल हुक वापरावा, जो झटका न देता हळूच ताण दिला की जबड्याच्या कडेला बसतो. आणि गळ खोल गेलाच असेल तर उपसून काढण्यापेक्षा दोरी जवळून कापावी.

दुसरं नुकसान उरलेल्या आमिषाचं. उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर हिमयुगात बर्फाचे थर होते, तिथल्या जंगलांत मूळची गांडुळं जवळजवळ नव्हतीच. आज तिथे युरोपीय गांडुळं जमिनीवरचा पानांचा थर फस्त करत आहेत, आणि ती पसरण्यामागचं एक कारण म्हणजे गळवाल्यांनी काठावर ओतून दिलेले डबे. जिवंत मासुळ्यांबरोबर तर रोगही एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. आयर्लंड, स्कॉटलंड, नॉर्वे इथे गोड्या पाण्यात जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदी आहे. तुम्ही जिथे गळ टाकता तिथला नियम आधी पाहा, आणि उरलेलं आमिष ना पाण्यात टाका ना काठावर.

आता ‘आमिष बदला, जागा सोडू नका’. हा सल्ला अगदी उलटा केला तर जवळजवळ बरोबर होईल.

माशाचं रक्त थंड, म्हणजे त्याच्या शरीराचा वेग पाणी ठरवतं. पाणी दहा अंशांनी गार झालं तर त्याची चयापचय क्रिया साधारण निम्म्यावर येते. खाल्लेलं पचायलाच वेळ लागतो, मग भूक कुठली? पाणी तापलं की भूक वाढते, पण प्राणवायू घटतो: १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६ च्या आसपास. उन्हाळ्यात खोल तलावाचे थर पडतात, वर कोमट, खाली गार, आणि तळच्या थरातला प्राणवायू कधीकधी इतका संपतो की तिथे मासा थांबूच शकत नाही. अशा दिवशी शिसं बांधून तळाला ठेवलेलं उत्तम गांडूळ हे ओसाड जागेत ठेवलेलं गांडूळ आहे. त्याच्या जागी कोळंबी लावा, मासुळी लावा, जे हवं ते लावा. तेच गांडूळ पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली दोन-तीन मीटरवर, वरच्या थरात टांगलं असतं तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

म्हणून माझा क्रम असा: आधी खोली बदला, मग जागा, मग आमिष ओढण्याचा वेग, मग आमिषाचा आकार, आणि सगळ्यात शेवटी आमिषाचा प्रकार. लोक नेमके शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, कारण ते करायला उठावं लागत नाही. डबा शेजारीच असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हेही सांगायला हवं. खोली, जागा आणि आमिष एकदम बदललं आणि मासा लागला, तर कशामुळे लागला हे कळायला मार्ग नाही.

शेवटचा दावा: भाकड दिवस आले म्हणजे चिकाटी कमी पडली.

थोडं गणित करू. समजा एखादा गळवाला बऱ्यापैकी आहे आणि दर दोन खेपांत एकदा त्याला काहीतरी लागतं. म्हणजे रिकाम्या खेपेची शक्यता निम्मी. त्याचं कौशल्य अजिबात घटलं नाही, पाणी तेच, आमिष तेच. तरी त्याच्या शंभर खेपांत कधी ना कधी ओळीने पाच रिकाम्या खेपा येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के आहे. ओळीने सहा येण्याची शक्यताही निम्म्याहून थोडी जास्तच. म्हणजे अशी रांग आलीच नाही तर आश्चर्य मानावं. त्यात मोसम बदलणं, पाणी चढणं-उतरणं, अंडी घालण्याचा काळ, हे सगळं मिसळलं की रांग आणखी लांबते. पाचव्या रिकाम्या खेपेनंतर स्वतःच्या स्वभावाचा निकाल लावणाऱ्याने बहुधा नशिबाच्या नेहमीच्या हेलकाव्यालाच स्वतःचा दोष समजलेलं असतं.

सकारात्मक मनाचं काय? माशाला तुमच्या मनाचा पत्ता नसतो. पण हाताला असतो, आणि तेवढ्यापुरता हा दावा मी मान्य करतो, जरी तो मांडणाऱ्यांनी कारण कधीच सांगितलेलं नसलं तरी. वैतागलेला माणूस लुअर भराभर ओढतो. चरे पडलेली दोरी तशीच राहू देतो, गाठ नव्याने मारत नाही. दुपार कलली की नजर दोरीवरून उठते, आणि त्या दिवशीचा एकमेव चावा तेव्हाच येऊन जातो. मन खचल्याने मासा जात नाही, या बारीक हयगयींनी जातो. त्यामुळे ‘सकारात्मक राहा’ असं स्वतःला बजावण्यात अर्थ नाही, ते कुणालाच जमत नाही. जमण्यासारखं काम द्यावं. मी भाकड काळात मासा हे उद्दिष्टच ठेवत नाही. एखाद्या दिवशी फक्त तळ चाचपायचा: कुठे खडक, कुठे चिखल, कुठे एकदम खोली वाढते. एखाद्या दिवशी वाऱ्याविरुद्ध फेक सुधारायची. पाण्याचं तापमान, रंग, वारा आणि आमिष कोणत्या अवस्थेत परत आलं हे वहीत लिहायचं. कुरतडलेलं आमिष आणि जसंच्या तसं परत आलेलं आमिष या दोन फार वेगळ्या बातम्या आहेत. पहिलीत मासा आहे आणि गळ मोठा आहे, दुसरीत बहुधा मासाच नाही. आणि जावंसंच वाटत नसेल तर काही दिवस जाऊ नये. त्याला हार म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

तेवढ्या दिवसांत डबा उघडून गळ तपासता येतात. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून सरकवायचं. रुतलं तर ठीक, घसरलं तर तो गळ बोथट झालाय. त्याला कानस लावावी किंवा तो बदलावा.