वरची दाढ काढली म्हणून नजर जात नाही

नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर दातांविषयीचा एक लांबलचक मेसेज फिरत असतो. त्यातली विधानं थोडक्यात अशी: वरचे दात डोळ्यांच्या नसांना जोडलेले असतात, म्हणून वरची दाढ काढली की नजर अधू होते. सूज असताना दाढ काढली तर विष मेंदूत चढतं. भुलीचं इंजेक्शन बीपी-शुगरवाल्यांना सोसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठ दिवस आधी बंद करायच्या. दाढ काढून घरी आलं की लगेच मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरायच्या आणि जखमेवर चिमूटभर मिश्री दाबायची. आणि शेवटी, काढलेल्या दाढेच्या जागी पुढे कॅन्सर होतो.

मी दातांचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. हा मेसेज मोबाइलवर उघडून दाखवणारी आणि ‘डॉक्टर, फक्त गोळ्या द्या, काढायचं नाव नको’ म्हणणारी माणसं माझ्यासमोर बसतात. त्यांची भीती खरी असते. म्हणून मेसेजातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

सुरुवात डोळ्याच्या नसेपासून. आपल्याला दिसतं ते दृष्टिचेतेमुळे, म्हणजे डोळ्याच्या नसेमुळे. मेंदूला जोडलेल्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी ही दुसरी. ती डोळ्याच्या मागून निघते आणि हाडातल्या स्वतःच्या वेगळ्या वाटेने मेंदूकडे जाते. तिचा दाताशी कुठेही संबंध येत नाही. दातांची संवेदना नेणारी चेता पाचवी. तिला तीन फांद्या आहेत. पहिली कपाळाकडे आणि डोळ्याच्या परिसरात जाते, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. तिन्ही फांद्या कवटीच्या आत एकाच गाठीपाशी एकत्र येतात. त्यामुळे वरची दाढ ठणकली की कानशील आणि डोळ्याच्या मागची बाजूही दुखते, कारण कळ नेमकी कुठून आली हे मेंदूला नीट ओळखता येत नाही. ‘दाढेचा डोळ्याशी संबंध आहे’ हा समज इथूनच आला असणार, आणि दुखण्यापुरता तो खराही आहे. पण या फांद्या स्पर्श आणि वेदना वाहून नेतात, दृश्य नाही. दाढ निघते तेव्हा मुळाच्या टोकाशी शिरणारा केसासारखा बारीक तंतू तेवढा तुटतो.

मग ‘आमच्या काकूंनी दाढ काढली आणि वर्षभरात चष्मा लागला’ हे काय? काकू खोटं बोलत नाहीत. चाळिशी ज्या वयात लागते, त्याच वयात किडलेल्या आणि हलणाऱ्या दाढा काढायची वेळ येते. साठीनंतर मोतीबिंदूचंही तेच. याहून महत्त्वाचं कारण मधुमेह आहे. वाढलेली साखर हिरड्या पोखरते, दातांभोवतीचं हाड झिजवते आणि दात हलायला लागतात. तीच साखर डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्याही बिघडवते. दात आधी पडला, नजर नंतर मंदावली, की लोक पहिल्या गोष्टीला दुसरीचं कारण ठरवतात आणि साखर तशीच वाढत राहते. चाळिशीच्या आसपासच्या कुणाच्या दोन-तीन दाढा कीड नसताना हलायला लागल्या, तर मी आधी शुगर तपासायला पाठवतो. ती वाढलेली निघाली तर डोळ्याचा पडदाही तपासून घ्यायला सांगतो.

एक गोष्ट लपवायची नाही. भुलीचं औषध क्वचित डोळ्याच्या आसपासच्या स्नायूंपर्यंत पोचतं. मग एकाचे दोन दिसतात किंवा पापणी जड होते. हा परिणाम औषधाचा असतो, दाढ निघाल्याचा नसतो, आणि बहुतेक वेळा भूल उतरली की तोही उतरतो. असं काही जाणवलं तर खुर्चीत बसल्या बसल्याच डॉक्टरांना सांगायचं.

आता सुजेचं वाक्य. मला सर्वांत जास्त राग याच वाक्याचा येतो, कारण विष मेंदूकडे किंवा डोळ्याकडे जायची भीती असते ती दाढ तोंडात ठेवल्याने. वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडामागच्या पोकळीला, म्हणजे सायनसला, अगदी लागून असतात आणि त्या पोकळीच्या छतावर डोळ्याची खोबण असते. वरच्या सुळ्याचं मूळ लांब असतं. त्यातला पू सरळ डोळ्याखाली चढतो. खालच्या शेवटच्या दाढांचा पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरतो, जीभ वर ढकलली जाते, गिळता येत नाही, श्वास कोंडतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं, आणि आजही वेळेवर उपचार न झालेला रुग्ण त्यात दगावू शकतो.

माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. वरचा सुळा किडलेला, अर्धा चेहरा सुजलेला, डोळा पूर्ण मिटलेला. ‘नजर जाईल’ म्हणून त्या सुळा काढायचं टाळत आल्या होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करून पू काढला, सुळा काढला. सूज ओसरल्यावर डोळा उघडला आणि दिसणं पूर्वीसारखंच होतं. पण संसर्ग डोळ्याच्या खोबणीत शिरला असता, तर ज्या नजरेसाठी त्यांनी सुळा ठेवला तीच गेली असती.

‘आधी गोळ्यांनी सूज उतरवा, मग बघू’ असंही लोक म्हणतात. मेलेल्या दाताच्या आत रक्तपुरवठाच उरलेला नसतो, तिथे अँटिबायोटिक पोचणार कसं? बाहेरची सूज उतरते, आतलं मूळ कारण तसंच राहतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा ठणका सुरू होतो. हे खरं आहे की सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही आणि कधी तोंडच पुरेसं उघडत नाही. अशा वेळी डॉक्टर आधी पू काढून देतात किंवा एक-दोन दिवस थांबायला सांगतात. थांबायचं की नाही हे तोंड तपासून ठरतं. प्रत्येक किडलेली दाढ काढावी असंही नाही. रूट कॅनाल करून वाचण्यासारखी असेल तर वाचवावी. एक्स-रे काढा, डॉक्टरांना विचारा, खर्च आणि पर्याय समजून घ्या. पण ‘वरची आहे’ हे ती ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

भुलीच्या इंजेक्शनबद्दल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात. ते १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं आणि आज जगभर वापरात आहे. त्यात थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, साधारण ८०,००० भागांत एक भाग किंवा २ लाखांत एक भाग. त्याने रक्तस्राव कमी होतो आणि भूल जास्त वेळ टिकते. बीपी ताब्यात असलेल्या माणसाला एवढी मात्रा सहसा त्रास देत नाही. उलट अर्धवट भुलीत दाढ काढली तर दुखण्याने आणि धास्तीने शरीर स्वतःच कितीतरी अ‍ॅड्रेनलिन सोडतं. बीपी फारच चढलेलं असेल किंवा नुकताच हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला असेल, तर आम्ही दाढ काढणं पुढे ढकलतो आणि फिजिशियनशी बोलतो. शुगरवाल्यांनी सकाळी यावं, नाश्ता करून आणि नेहमीचं औषध घेऊन. इन्सुलिन टोचून उपाशीपोटी येणं मात्र खरोखर धोक्याचं आहे, खुर्चीतच चक्कर येते.

खुर्चीत प्रत्यक्ष काय होतं ते माहीत नसलं की भीती दुप्पट होते. सुई टोचल्याचं कळतं, टाळूतली सुई तर चांगलीच झोंबते. काही मिनिटांत ओठ किंवा गाल जड होतो, खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दिलं असेल तर अर्धी जीभसुद्धा. मग आम्ही टोचून तपासतो. दाढ ओढून काढत नाहीत. ती हाडाला बारीक तंतूंनी धरलेली असते. ते तंतू सोडवायचे, दाढ हलवत हलवत जागा थोडी रुंद करायची आणि मग ती उचलायची. मुळं वाकडी असतील तर दाढेचे तुकडे करून काढतात. भूल वेदना थांबवते, दाब थांबवत नाही. त्यामुळे जोर लागलेला जाणवतो, कडकड आवाज कानात मोठा वाटतो, आणि माणसं घाबरतात ती या आवाजाला. दुखलं तर डावा हात वर करा, आम्ही थांबतो आणि भूल वाढवतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला जीवघेणा आहे. हृदयात स्टेंट आहे, पक्षाघात होऊन गेला आहे, व्हॉल्व्ह बदलला आहे, अशांना या गोळ्या गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या असतात. मेसेज वाचून आठ दिवस गोळी सोडली आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली तर? दाढेच्या खड्ड्यातलं रक्त आमच्या डोळ्यांसमोर असतं. दाबून, टाके घालून, रक्त थांबवणारा स्पंज भरून ते थांबवता येतं. हृदयातल्या गुठळीला तसा हात लावता येत नाही. अ‍ॅस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. वॉरफॅरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासून ठरवतात. गोळी बदलायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतील, तुम्ही फक्त फाइल घेऊन या. मेसेजात नसलेलं पण सांगायलाच हवं असं एक औषध म्हणजे हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन. कॅन्सरच्या उपचारातही अशी औषधं देतात. ती चालू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड कधी कधी भरून येत नाही. आम्ही विचारलं नाही तरी सांगा.

दाढ काढल्यावर लगेच चुळा? नाही. पहिले २४ तास अजिबात नाही. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि पुढचं सगळं भरून येणं तिच्यावर अवलंबून असतं. खळखळून चूळ भरली, सारखं थुंकलं, नळीने ताक ओढलं किंवा विडी ओढली की ती निसटते. मग तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते, तोंडाला घाण वास येतो, आणि दाढ काढण्याच्या वेळेपेक्षा जास्त दुखतं. हाड उघडं पडल्याचा हा त्रास खालच्या दाढांना आणि तंबाखू खाणाऱ्यांना अधिक होतो. असं झालं तर गोळ्या वाढवत घरी बसू नका, परत या. जखम धुऊन औषध भरलं की लवकर आराम पडतो.

म्हणून जखमेवर ठेवलेला गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची घडी, अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा आणि लाळ गिळायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत लाळ गुलाबी दिसली तर घाबरायचं नाही. थोडं रक्त लाळेत मिसळलं की पुष्कळ वाटतं. तोंड भरून लाल रक्त येतच राहिलं, तर स्वच्छ गॉज पुन्हा दाबून धरा आणि डॉक्टरांना फोन करा. बाहेरून बर्फ चालतो, शेक नको. आइस्क्रीम, गार दूध, गार केलेला मऊ वरण-भात खा, मात्र भूल उतरल्यावर. ओठ बधिर असताना लहान मुलं तो चावून चावून फोडतात, तेव्हा दोन-चार तास त्यांच्यावर लक्ष ठेवा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरू लागते. कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, जेवणानंतर. मेसेजातलं मीठ बरोबर आहे, वेळ चुकली आहे.

मिश्रीबद्दल मी दवाखान्यात हात जोडून बोलतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. गावाकडच्या कितीतरी बाया ती सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावतात आणि ती लावली की दुखणं थांबतं असं मानतात. उघड्या जखमेवर ती दाबली की जखम भरायला उशीर होतो, आणि ‘बरं वाटतं’ म्हणून सवय आणखी पक्की होते.

कॅन्सरचं वाक्य तर कारण आणि परिणाम उलटे मांडतं. दाढ काढल्याने कॅन्सर होत नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारीने होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तो खाणारी तरुण मुलं माझ्याकडे येतात. हिरडीचा कॅन्सर आतून हाड खातो, तेव्हा दाढ हलायला लागते. लोक ती साधी हलणारी दाढ समजून काढून घेतात, जखम भरत नाही, मग तपासणीत कॅन्सर सापडतो आणि दोष दाढ काढण्यावर येतो. तो आधीपासून तिथे होता.

म्हणून तोंडातली कोणतीही जखम, दाढ काढलेली असो वा नसो, तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा राहिला, तोंड कमी उघडायला लागलं, तर थांबू नका. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे दाढ कमी खर्चात काढून मिळते आणि शंका वाटली तर जखमेचा तुकडा तपासणीला घेण्याचीही सोय असते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या.