बाईंचंही अडतं

‘मुलांसमोर शिकायला बसलात की मुलं डोक्यावर बसतील’ हा सल्ला मला शिक्षण परिषदेत मिळालाय, ऑफिसात मिळालाय आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीतही मिळालाय. देणारे सगळे अनुभवी. त्यांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरवर जे काही दाखवायचंय ते आधी घरी करून बघावं, हात बसला की मग वर्गात न्यावं. मुलांना बाई अडखळताना दिसू नयेत. मला हे पटत नाही. त्यावरून इतक्यांदा वाद घालून झालाय, की आता एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते.

मी राहते नाशकात आणि शिकवते दिंडोरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत. तिसरी-चौथी एकत्र. आमच्या फळ्याचा उजवा कोपरा कोणी पुसायचा नाही, असा वर्गाचा नियम आहे. वर लिहिलंय ‘अडलंय’. ज्याचं जे अडलंय ते त्यानं तिथं लिहायचं, नावासकट. पहिलं नाव बऱ्याचदा माझंच असतं.

थंडीत आम्ही रोजचं तापमान नोंदवतो. व्हरांड्यात सावलीला टांगलेला साधा काचेचा थर्मामीटर, आणि नोंदी शाळेच्या लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये. गेल्या वर्षीच्या थंडीत तारखेच्या रकान्यात अचानक तारखा दिसेनाशा झाल्या. १ जानेवारी २०२५ च्या जागी ४५६५८. त्याच्याखाली ४५६५९. हे काय झालं, मला खरंच माहीत नव्हतं. यूट्यूबवर शोधलं असतं तर लगेच उत्तर मिळालं असतं, पण मी ते कोपऱ्यात लिहिलं आणि तसंच राहू दिलं.

चौथीतली एक मुलगी, एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी, म्हणाली, “बाई, रोज एकनंच वाढतंय ते.” मग दुसरा म्हणाला, म्हणजे दिवस मोजतंय. कधीपासून मोजतंय? आता ४५६५८ ला ३६५ ने भागणं तिसरी-चौथीच्या मुलांना झेपत नाही, म्हणून आम्ही उलटं गेलो. शंभर वर्षांचे दिवस ३६५००. आणखी पंचवीस वर्षांचे ९१२५. झाले ४५६२५. म्हणजे सव्वाशे वर्षं मागं, थेट १९०० साल! वर्गात नुसता गलका. पण ३३ उरले होते, त्यांचं काय? लीप वर्षं मोजली. १९०४ पासून २०२४ पर्यंत ३१ भरली. मोजणी शून्यापासून नाही, एकपासून सुरू होते, म्हणून आणखी एक. झाले ३२. तरी एक दिवस जास्तच.

तो एक दिवस काही आमच्याच्यानं सुटेना. शेवटी सगळ्यांनी मिळून इंटरनेटवर शोधला. १९०० हे लीप वर्ष नव्हतंच, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. पण फार जुन्या एका प्रोग्रॅमनं ते चुकून लीप धरलं, आणि पुढच्यांनी जुने हिशेब बिघडू नयेत म्हणून ती चूक तशीच चालू ठेवली. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात २९ फेब्रुवारी १९०० हा कधी उजाडलाच नाही असा दिवस आहे. हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. लीप वर्ष मी आधी दोनदा शिकवलं होतं. त्या दिवशी ते कळलं.

मी घरून तयारी करून आले असते तर? रकान्याची सेटिंग बदलली असती, तारखा नीट दिसल्या असत्या, तास वेळेत संपला असता.

इथं एक भानगड सांगायला हवी. काही शिक्षक मुलांना बोलतं करायचं म्हणून ‘मला नाही हं माहीत’ असं नाटक करतात. ते करू नये. मुलं लगेच ओळखतात. याच तापमानाच्या नोंदींत आमचे आकडे पेपरातल्या निफाडच्या आकड्यांपेक्षा कायम कितीतरी जास्त यायचे. ते आकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले, आणि ते किमान तापमानाचे. याचं कारण मला माहीत होतं. मी न जाणल्याचा आव आणला नाही, सरळ सांगितलं, की मला ठाऊक आहे पण आत्ता सांगत नाही, तुम्ही शोधा. द्राक्षाच्या बागेत कामाला जाणाऱ्या एका बापाच्या मुलानं क्षणात शोधलं. “आपण उन्हं वर आल्यावर बघतो ना बाई. थंडी पहाटं असते. पप्पा तेव्हाच बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नये म्हणून.” तेव्हापासून थर्मामीटर रोज एकेकाच्या घरी मुक्कामाला जायला लागला. फुटला नाही अजून, हे माझ्यासाठी आश्चर्यच आहे.

टायपिंगची गोष्ट वेगळी. तिथं मी आणि मुलं अगदी एका रांगेत होतो, कारण मलाही फक्त मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय. ‘इनस्क्रिप्ट’ हा कीबोर्ड सरकारी मानक आहे. त्यात काना-मात्रा-वेलांट्या बहुतेक डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या. वहीत ‘कि’ लिहिताना बरीच मुलं आधी वेलांटी ओढतात, मग क काढतात. इथं तसं चालत नाही. आधी क, मग वेलांटी. जसं बोलतो तसं.

रफाराचंही तेच. आपल्याकडे लग्नाच्या फ्लेक्सवर निम्म्या ठिकाणी ‘आर्शीवाद’ असतं. कीबोर्डवर तो शब्द उमटवायचा तर र नक्की कुठं येतो हे कानानं ऐकावंच लागतं. आ, शी, मग र पायमोडका, मग वा. रफार आपोआप वा च्या डोक्यावर जाऊन बसतो. वर्षानुवर्षं लाल पेनानं दुरुस्त करून जे झालं नाही ते इथं झालं, असं मी म्हणणार नाही. पण दोन-तीन मुलांचं नक्की झालं. मग कोपऱ्यात माझं अडलंय आलं: ‘दऱ्याखोऱ्या’ लिहायला गेलं की ‘दर्याखोर्या’ असं काहीतरी भलतंच उमटतं. र आणि य जोडला की ‘सूर्य’मधला र्य होतो, पण दरीच्या दऱ्या काही होत नाहीत. तिसरीतल्या एका पोरानं शिफ्ट दाबून एकेक बटण तपासत शोधलं, की र च्याच बटणावर शिफ्टसह खाली टिंब असलेला दुसरा ऱ आहे. तो घ्यायचा आणि मग जोडायचं. आता माझ्या वर्गात हे तो शिकवतो. मलाही त्यानंच शिकवलं. डोक्यावर वगैरे काही बसला नाही.

जिथं मुलांची यंत्राशी गाठ वाईट पडली तेही सांगते. मुलाचं वाचन ऐकून शाबासकी देणारं एक ॲप आम्ही काही दिवस वापरलं. कल्पना चांगली आहे. पण आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी. ती मराठी नीट वाचतात, फक्त हेल वेगळा. यंत्र त्यांना एकेका शब्दावर अडवून धरायचं. एक मुलगा तिसऱ्यांदा अडल्यावर गप्पच झाला. मी ते बंद केलं आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘याला आपलं बोलणं कळत नाही’. अडलंय त्याचं, आपलं नाही. नंतर त्याच मुलांनी मोबाइलवर आपल्या आजीच्या गोष्टी तिच्याच बोलीत रेकॉर्ड करून आणल्या आणि बाकीच्यांना अर्थ सांगितला. रेकॉर्डर हे मोबाइलमधलं सगळ्यात साधं आणि शाळेत सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन आहे, असं माझं ठाम मत झालंय.

यंत्रणेबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा जीआर आला, गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. २०१७ ला अभ्यासाच्या व्हिडिओंचं सरकारी दीक्षा ॲप आलं. पुस्तकांवर क्यूआर कोड आले, आपल्याच सोलापूरच्या जिल्हा परिषद शिक्षकाला २०२० मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला, अभिमान वाटला. पण प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात काय? व्हिडिओ कसा लावायचा. म्हणजे मुलं पुन्हा हाताची घडी घालून समोर बघणार, फक्त फळ्याच्या जागी पडदा. आणि क्यूआर कोड स्कॅन करायचा मोबाइल दिवसभर पप्पांच्या खिशात बागेत असतो.

पहिली-दुसरीच्या वर्गावर जावं लागलं, तर मी स्वतः पडदा जवळजवळ लावतच नाही. पाटी, मणी, चिंचोके पुरे. स्वीडनसारख्या देशानं २०२३ मध्ये पुन्हा छापील पुस्तकांकडे वळायचं ठरवलं, ते उगाच नाही. तंत्रज्ञानाचं कौतुक करणाऱ्यांत मला धरू नका, आणि ‘मोबाइलनं पोरं बिघडली’ म्हणणाऱ्यांतही नको.

वेळेचा मुद्दा मात्र मान्य. त्या ३३ दिवसांच्या नादात माझा अभ्यासक्रम मागं पडला आणि तो भरून काढताना दमछाक झाली. एकशिक्षकी शाळेतल्या सहकाऱ्याला मी हे करा असं सांगू शकत नाही. त्याच्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचंच इतकं ओझं आहे, की ‘अडलंय’चा अख्खा फळा त्याच्या एकट्याच्या नावानं भरेल.

आता एक विनंती, खास शहरातल्या मित्रमंडळींना. वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ शाळेला काही द्यावं असं अनेकांच्या मनात असतं, आणि मग मोठा टीव्ही येतो, खाली नाव कोरलेलं. त्यापेक्षा कपाटात पडलेला जुना लॅपटॉप द्या. बॅटरी मेलेली असली तरी चालेल, वायर लावून चालवू. बाहेरून लावायचे साधे कीबोर्ड द्या, देवनागरी अक्षरांचे स्टिकर असतील तर सोन्याहून पिवळं. एक किमान तापमान टिपून ठेवणारा थर्मामीटर द्या, म्हणजे पहाटे उठून बघायला नको. आणि द्यायला पाठवू नका, स्वतः या. शनिवारी सकाळची शाळा असते, दिंडोरी रोडनं फार वेळ लागत नाही. फक्त कोपऱ्यात तुमचंही एक अडलंय लिहावं लागेल, नावासकट.