कागद कशाला, घरचेच तर काम आहे!

नव्या उद्योजकाला बोधचिन्ह लागते आणि ते काढून देणारा एखादा होतकरू मुलगा ओळखीपाळखीत सापडतोच. अशा वेळी लेखी करार करण्याचा अशुभ विचार मनातही आणू नका. मोबदल्याचा विषय निघाला, तर ‘आपण काय परके आहोत का?’ असे म्हणून चहा मागवावा. आकडा सांगणे टळतच नसेल, तर तो फोनवर सांगावा; कारण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करताना समोरच्याच्या नाकी नऊ येतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पंधरा हजार फायनल’ असे लिहून ही सोय स्वतःच्या हाताने घालवण्यात शहाणपण नाही.

पुढे बदल सुचवत राहावे. मसाल्याच्या पाकिटावरचा मोर थोडा हसरा हवा, पिसाऱ्यातला निळा रंग मेहुण्यांना पसंत नाही, सबब सगळा पिसारा शेंदरी करून पाहावा, आणि रात्री अकराला ‘पहिलाच बरा होता’ असे कळवावे. शेवटी छापखानेवाला खोळंबल्याचे सांगून ओपन फाइल, म्हणजे हवे ते बदल करता येणारी मूळ फाइल, मागून घ्यावी. ती हाती आली की बोधचिन्ह तुमचे झाले, अशी तुमची समजूत असेलच. ती मोडण्याचे पाप माझ्याकडून न घडो.

1957 चा कॉपीराइट कायदा मात्र भलताच चिकित्सक आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळे काही ठरले नसेल तर, मालकाचे होते. मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र किंवा व्यक्तिचित्रही काढवून घेणाऱ्याचे होते. बोधचिन्हाचे नाव त्या यादीत नाही. तेथे पहिला मालक म्हणजे ते काढणारा मुलगाच, आणि त्याने सही करून लेखी हस्तांतर केल्याखेरीज मालकी जागची हलत नाही, मग तुम्ही पैसे पूर्ण दिलेले असोत की (तुमच्याबाबतीत हे उदाहरण गैरलागू आहे, याची मला कल्पना आहे) बुडवलेले असोत. कोणी फारच गळ घातली, तर दोन ओळींचे पत्र करावे, पण त्यात मुदत आणि प्रदेश लिहू नये. मग कायदा मुदत पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश भारतापुरता. तुमचा मसाला दुबईला निघाला की मोराला कायदेशीरपणे मागे राहावे लागेल.

मोराच्या मानेखाली भाच्याकडून फुकटात कमळ काढून घेण्याचाही बेत असेल. कलाकृतीची मोडतोड होऊन कलाकाराच्या लौकिकाला बाधा येत असेल, तर मालकी दिल्यानंतरही त्याला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये काढून गोदामात टाकले, तेव्हा 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करायला लावले आणि वर पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितली. पण ते पडले केंद्र सरकार. तुमचे तसे थोडेच आहे?

पैसे थकवण्याची कला तुम्हाला शिकवायला नको. तरी त्या मुलाने काम घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारदरबारी लहान उद्योग म्हणून नोंद, केलेली नाही ना, एवढे पाहून घ्या. ती केलेली असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करारात 45 दिवसांपर्यंतची मुदत ठरवता आली असती. करारच नसल्याने तयार काम तुम्ही स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते. अर्थात मुलगा भिडस्त आहे, तो कुठे जाणार आहे?

यथावकाश धंद्याला बरकत येईल. एखादी मोठी कंपनी तुमचा ब्रँड विकत घ्यायला तयार होईल आणि तिचा वकील बोधचिन्हाच्या हस्तांतराचा कागद मागेल. तेव्हा त्या मुलाला निःसंकोच फोन करावा आणि आईबाबांची चौकशी करून मग सहीचा विषय काढावा. त्याने उलट कोटेशन पाठवले, तर रागावू नये. ते शेवटपर्यंत वाचावे, कारण जीएसटी वेगळा आकारला जाईल, हे बहुधा खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असेल.