‘कमी उडालेलं जुनं जेट म्हणजे नव्यासारखंच’ हे कुणी सांगितलं?

सध्या एक सल्ला खूप फिरतोय. नवं लाइट जेट, म्हणजे छोटं खासगी जेट विमान, परवडत नसेल तर वीस-पंचवीस वर्षं जुनं घ्या, पाव किमतीत मिळतं. कमी तास उडालेलं निवडा, ते नव्यासारखंच असतं. नेहमी जिथे सर्व्हिसिंग होतं तिथेच तपासून घ्या. आणि एरवी चार्टरला, म्हणजे भाड्याने, लावलं की खर्च निघतो. यावर विसंबून कुणी खरंच पैसे गुंतवेल, अशी मला भीती वाटते.

किमतीचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. पण विमानाची किंमत उतरते, ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवण्याच्या कामाची, नाही. जुन्या सायटेशन किंवा बीचजेट अशा लाइट जेटच्या जेटी१५डी इंजिनांचं ओव्हरहॉल साधारण ३५०० तासांनी येतं. दोन्ही इंजिनं त्या टप्प्याजवळ आली असतील, तर तो खर्च अख्ख्या विमानाच्या किमतीएवढा होऊ शकतो. त्यामुळे आधी विचारा की इंजिनं दर तासाला हप्ता भरायच्या देखभाल योजनेत आहेत का, आणि हप्ते थकलेत का. योजनेबाहेरचं इंजिन नंतर आत घ्यायचं तर मागच्या तासांचे पैसे सहसा एकदम मागतात.

सगळ्यात घातक दावा कमी तासांचा. वर्षानुवर्षं हँगरमध्ये उभ्या विमानाचे सील सुकतात, सांध्यांत गंज धरतो, टाक्यांत पाणी साचून जंतू वाढतात. कित्येक तपासण्या तारखेनुसार येतात, विमान उडो वा न उडो. शिवाय इंजिनात टर्बाइनची पाती ज्यावर बसतात त्या डिस्कचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात. एक उड्डाण म्हणजे ढोबळमानाने एक सायकल. वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारलेल्या जेटचे तास कमी दिसतात, सायकल मात्र भरपूर झालेल्या असतात. आणि त्या डिस्कची कारखान्यापासून आजपर्यंतची सलग नोंद हवी. मधल्या एका मालकाकडची कागदपत्रं हरवली, तर धातूवर ओरखडाही नसलेली डिस्क बाद धरावी लागते. मी तरी रंग आणि सीट बघण्याआधी लॉगबुकं, म्हणजे उड्डाण-देखभालीच्या नोंदवह्या, उघडेन.

तपासणी नेहमीच्याच वर्कशॉपमध्ये? तिथे स्वतःच्याच कामातल्या चुका शोधायच्या असतात. त्या मॉडेलची माहिती असलेलं, विक्रेत्याशी संबंध नसलेलं वर्कशॉप निवडा. इंजिनात बोरस्कोप, म्हणजे आतलं दाखवणारा नळीसारखा कॅमेरा, घालायलाच लावा. पात्यांच्या कडांवरचे टवके आणि जळाल्याच्या खुणा बाहेरून दिसत नाहीत. उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारे दोष निघाले तर ते कुणाच्या खर्चाने दुरुस्त होतील, हे विमान उघडण्याआधीच करारात लिहून घ्या.

एक गोष्ट त्या सल्ल्यात नाहीच. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात उडायला आरव्हीएसएमची, म्हणजे विमानांमध्ये कमी उभं अंतर ठेवून उडण्याची, पात्रता लागते. ती नसेल तर सहसा खालीच राहावं लागतं, तिथे इंधन जास्त जळतं आणि पल्ला घटतो. निर्माताही बघा. एक्लिप्स एव्हिएशन २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या एक्लिप्स ५०० या छोट्या जेटच्या मालकांचे सुट्या भागांसाठी हाल झाले.

राहिलं चार्टर. त्यासाठी व्यावसायिक परवाना, जादा तपासण्या आणि महाग विमा लागतो. भाड्याचा प्रत्येक तास तुमच्याच इंजिनाच्या उरलेल्या तासांतून जातो. त्या पैशाने स्थिर खर्चाचा थोडा भार हलका होईल, पण सगळा खर्च निघेल असं धरून विमान घेऊ नका.