माझा दाखला देताय, तर पुरता द्या

डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 2025 च्या उन्हाळ्यापासून एकच वाद पुन्हा पुन्हा पेटतो. पहिलीपासून हिंदी आणणारा शासननिर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनअखेर सरकारने तो मागे घेतला आणि 5 जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला. त्याच दिवसांत मीरा रोडला मराठीच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तेव्हापासून काही मित्र माझं नाव घेतात: "ही जर्मनीत राहायला जर्मन शिकलीच ना? मग इथे येणाऱ्यांना मराठी शिकायला काय धाड भरली?"

मागणी मला शंभर टक्के मान्य आहे. वीस-वीस वर्षं ठाण्यात राहून ज्यांना भाजीवाल्या मावशींशी दोन वाक्यं मराठीत बोलता येत नाहीत, त्यांचा मला रागच येतो. पण माझा दाखला द्यायचा असेल, तर तो अर्धवट देऊ नका.

मी श्टुटगार्टला आले ती ब्लू कार्डावर, म्हणजे नोकरीच्या करारावर मिळणाऱ्या परवान्यावर. ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत. जर्मनचा एक शब्द न शिकताही पगार झाला असता. पण इथला कायदा म्हणतो, ब्लू कार्डावर 27 महिने नोकरी करून पेन्शनचे हप्ते भरा, जुजबी जर्मन येऊ द्या, मग कायम वास्तव्याचा परवाना मागा. बी-1 पातळीची, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील एवढी भाषा येत असेल, तर तेच 21 महिन्यांत. लांबून बघणाऱ्याला सहा महिन्यांचा फरक किरकोळ वाटेल. पण ब्लू कार्डाचा जीव नोकरीत असतो. नोकरी गेली की परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं आणि ठरलेल्या मुदतीत दुसरी शोधायची. या मोटारी बनवणाऱ्या शहरात नोकरकपातीच्या बातम्या येत असताना सहा महिने आधी मिळालेला परवाना म्हणजे सहा महिन्यांची झोप.

म्हणून शिकले, आणि शिकायला जागा होती म्हणून शिकू शकले. फोल्क्सहोखशूलं नावाची प्रौढशिक्षण केंद्रं इथे गावोगाव आहेत. कामावरून सुटल्यावर जाता येईल असे संध्याकाळचे वर्ग, परवडणारी फी. बाहेरून आलेल्यांसाठी सरकारचा वेगळा अभ्यासक्रम आहे, त्यात साधारण 600 तास भाषेचे आणि 100 तास देशाच्या ओळखीचे.

बी-1 च्या तोंडी परीक्षेत दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. माझ्यासोबत फिलिपाइन्सची एक नर्स होती. आजारी सहकाऱ्याला भेटायला कधी जायचं आणि काय न्यायचं, हा आमचा विषय. मी भेटीच्या वेळांवर अडखळले, तिने हळूच वाक्य पुरं केलं. ती फळांच्या टोपलीवर अडली, तेव्हा मी. समोरच्या दोन्ही परीक्षक बाई चुकांना हसल्या नाहीत, घाई केली नाही, आमचं ठरेपर्यंत थांबून राहिल्या. परक्या देशात कुणीतरी आपलं बोलणं पुरं होण्याची वाट पाहतंय, हे फार मोठं वाटतं. पुढे 33 प्रश्नांची नागरिकशास्त्राची चाचणी झाली, 15 बरोबर आले की पास. ती सोपी होती.

जर्मनीची आरती ओवाळायची नाही मला. कार्यालयाची वेळ मिळेपर्यंत इथेही जीव मेटाकुटीला येतो. परदेशी लोक नकोत म्हणणारा एएफडी पक्ष 2025 च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर आला. आपल्याकडे यूपी-बिहारच्या माणसाबद्दल जे बोललं जातं, ते इथे ट्राममध्ये माझ्याबद्दल बोललं जातं, आणि आता ते मला समजतं.

शिवाय तुलनेला मर्यादा आहे. मी इथे परकी, त्यामुळे अट घालण्याचा जर्मनीला अधिकार आहे. पाटण्याहून चाकणला येणारा परका नाही. देशात कुठेही राहायचा हक्क त्याला राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने दिलाय. त्याच्यावर परवान्याची अट लादता येत नाही, म्हणूनच आपल्याला जास्त मेहनत घ्यावी लागेल. आज आपण काय करतो? अधिवास दाखल्याला 15 वर्षांचं वास्तव्य मोजतो, भाषेची परीक्षा घेत नाही. मग तो राग एखाद्या दुकानाच्या काउंटरवर काढतो.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने माझ्याच या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आपल्या मुलांना मोफत जर्मन शिकवायचं ठरवलं. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने अमराठी लोकांसाठी 'माय मराठी' हा चांगला अभ्यासक्रम तयार केलाय. आमच्या ग्रुपवर तो कुणाला ठाऊकच नव्हता. तो संध्याकाळी महापालिकेच्या शाळांमध्ये शिकवा. चाकणच्या कंपन्यांना आठवड्याचे दोन तास कामाच्या वेळेत द्यायला लावा. परीक्षा पास होणाऱ्याला पगारात, बढतीत, रिक्षाच्या बॅजमध्ये त्याचा फायदा दिसू द्या. एवढं करून कुणी शिकला नाही, तर त्याच्याशी भांडायला मी तुमच्या आधी उभी राहीन.

ग्रुपवरच्या सगळ्यांना सांगते: डोंबिवलीत असा वर्ग सुरू करा, पहिल्या तुकडीच्या पुस्तकांचा खर्च माझ्याकडे. जागेचं महापालिकेशी कोण बोलतंय, ते कळवा.