ठसका लागला नाही म्हणजे गिळता येतं, हे कोणी ठरवलं?

"लकव्याच्या पेशंटला न्यूमोनिया होणार की नाही ते आधी कळतच नाही. तोंड कोरडं पडू देऊ नका, चमच्याने पाणी पाजा, ठसका लागला नाही म्हणजे गिळता येतंय. आणि पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक सुरू करायला लावा." हा मेसेज फिरत फिरत मामीकडे पोचला. मामांना लकव्याचा झटका (स्ट्रोक) येऊन दोन दिवस झालेत आणि मी गेले तेव्हा मामी चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेत होती, म्हणून लिहितेय.

ठसक्याचं आधी, कारण यात जीव जाऊ शकतो. झटक्यामुळे घशाची जाणीवच कमी होऊ शकते, मग पाणी श्वासनलिकेत उतरतं, तोंडातले जंतू घेऊन फुप्फुसात जातं (त्यातूनच न्यूमोनिया होतो) आणि पेशंट साधा खोकतही नाही. सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात याला. म्हणजे मेसेजवाला ज्याला पास करतोय तोच पेशंट सगळ्यात जास्त धोक्यात असू शकतो! गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही म्हणजे काहीच द्यायचं नाही, पाण्याचा घोट नाही, गोळी नाही. ही तपासणी शिकलेली नर्स किंवा स्पीच थेरपिस्ट करते, शंका वाटली तर नाकातून छोटा कॅमेरा घालून किंवा एक्सरेवर गिळणं बघतात. तोंड कोरडं पडतं हे खरंय, पण त्यासाठी नर्सला सांगून तोंड पुसून ओलं करून घ्या, दात-जीभ साफ ठेवा, त्याचा उपयोगच आहे.

"आधी कळत नाही" म्हणे. २०१२ साली बर्लिनच्या स्ट्रोक पेशंटच्या नोंदींवरून ए-टू-डी-एस-टू नावाचा स्कोअर काढला, १० पैकी. वय ७५ किंवा जास्त १, पुरुष १, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) १, गिळायला त्रास २, आणि झटका किती मोठा त्यावर ०, ३ किंवा ५. पहिल्याच दिवशी मांडता येतो हा हिशोब. बरं, एवढं मान्य की स्कोअर फक्त धोका किती ते सांगतो, कमी स्कोअरवाल्यालाही न्यूमोनिया होतो.

अँटिबायोटिकचं तर तपासून झालंय. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात ब्रिटनच्या ४८ स्ट्रोक युनिटमधला अभ्यास आला, गिळायला त्रास असलेले बाराशेच्या वर पेशंट, अर्ध्यांना आधीच ७ दिवस अँटिबायोटिक, तरी न्यूमोनिया कमी झाला नाही. इन्फेक्शन झाल्यावर द्यायची गोष्ट वेगळी, ते डॉक्टर बघतील.

मामी, चमचा खाली ठेव आणि नर्सला एवढंच विचार, गिळण्याची टेस्ट झाली का आणि त्यात काय निघालं.